गिटार न वाजवणारा गिटारवाला

मित्रांनो, जगात सर्वांत जास्त गाजलेल्या इलेक्ट्रिक गिटार ज्याने बनवल्या, त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. बरं, त्याच्याकडे इंजिनिअरिंगची डिग्रीही नव्हती. कॉलेजात तो शिकला अकाउंटिंग! या माणसाचं नाव लिओ फेंडर. टेलिकास्टर आणि स्ट्रॅटोकास्टर ही नावं आपल्यातल्या गिटारवेड्यांना पाठ असतात, पण त्यामागच्या माणसाबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

आता त्याच्यावर लेख का, तर त्याला एक अगदी व्यवहारातलं कारण आहे. फायनल इयरची मुलं पास होऊन निघाली की होस्टेलवर जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. ड्राफ्टर, सायकल, कूलर आणि एखाददुसरी इलेक्ट्रिक गिटार. ही गिटार बहुतेक वेळा फेंडरच्या धाटणीचीच असते, कंपनी कोणतीही असो. आणि तिच्या बॉडीवर कुठेतरी एक बारीक चीर दिसतेच. विकणारा म्हणतो, काही नाही रे, नुसता रंग गेलाय. घेणाऱ्याच्या पोटात मात्र गोळा येतो, कारण खिशातले सात-आठ हजार मेसच्या पैशातून वाचवलेले असतात. ती चीर रंगाची की लाकडाची, हे कसं ओळखायचं? लिओ फेंडरने गिटार कशी आणि का तशी बनवली हे कळलं, की याचं उत्तर आपोआप सापडतं.

लिओचा जन्म १० ऑगस्ट १९०९ चा. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये अनाहाइम आणि फुलर्टन या गावांच्या मध्ये त्याच्या आईवडिलांची संत्र्याची बाग होती. म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर तो बागाईतदाराचा पोरगा. मी शहागडचा. आमच्या अंबड तालुक्यात गोदावरीच्या काठाने मोसंबीच्या बागा आहेत, त्यामुळे असं घर कसं असतं हे मला वेगळं सांगावं लागत नाही. सकाळी उठलं की पाण्याची पाळी, संध्याकाळी बाजारभावाची चर्चा. मोडलेली वस्तू फेकून द्यायची पद्धतच नसते. पाचर मारा, तार बांधा, पण चालवा!

आठ वर्षांचा असताना लिओच्या डाव्या डोळ्यात गाठ झाली आणि डोळा काढावा लागला. त्या जागी काचेचा डोळा बसवला. पुढे याच कारणामुळे दुसऱ्या महायुद्धात त्याला सैन्यात घेतलं नाही. लहानपणी तो पियानो आणि सॅक्सोफोन थोडाफार शिकला, पण मन रमलं ते दुसरीकडेच. त्याचे एक काका मोटारींच्या इलेक्ट्रिक कामाचं दुकान चालवायचे. त्यांनी सुट्या भागांतून एक रेडिओ तयार केला होता आणि दुकानासमोर तो मोठ्या आवाजात वाजायचा. तेरा-चौदा वर्षांच्या लिओवर त्या आवाजाचा जो परिणाम झाला तो आयुष्यभर टिकला. शाळेत असतानाच तो घरी रेडिओ दुरुस्त करायला लागला.

१९२८ मध्ये शाळा संपली आणि त्याने फुलर्टनच्या ज्युनिअर कॉलेजात अकाउंटिंग घेतलं. इलेक्ट्रॉनिक्सचा एकही तास त्याने वर्गात बसून केला नाही. १९३४ मध्ये एस्थरशी त्याचं लग्न झालं. हिशेबनीस म्हणून त्याने दोन-तीन ठिकाणी नोकऱ्या केल्या, पण ते महामंदीचे दिवस होते आणि नोकरी गेली. मग १९३८ मध्ये ६०० डॉलर उसने घेऊन तो फुलर्टनला परतला आणि त्याने रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं.

मला वाटतं, लिओची खरी डिग्री म्हणजे हे दुकान. गावातले वाजवणारे लोक आपले अॅम्प्लिफायर आणि गिटार घेऊन त्याच्याकडे यायचे. काय तुटतं, कुठे तुटतं आणि ते काढायला किती कटकट होते, हे तो रोज बघत होता. आपण डिझाइन आधी शिकतो आणि वस्तू कशी बिघडते हे नोकरीला लागल्यावर कळतं. लिओचं उलटं झालं. आधी बिघाड बघितले, मग डिझाइन केलं.

त्या काळच्या गिटारची मोठी अडचण अशी होती, की ती आतून पोकळ पेटी. बँडमध्ये ऐकू यावी म्हणून तिला पिकअप लावून आवाज वाढवला, की स्पीकरचा आवाज पुन्हा त्या पेटीत घुमायचा आणि कर्कश शिट्टी सुरू व्हायची. हाच तो फीडबॅक, जो गॅदरिंगला माइक स्पीकरसमोर नेला की आपल्याला ऐकू येतो. आता पिकअप म्हणजे काय? लोहचुंबकावर गुंडाळलेले बारीक तारेचे हजारो वेढे. वर स्टीलची तार हलली की चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि वेढ्यांत वीज निर्माण होते. फॅरेडेचा १८३१ चा नियम, जो आपण बारावीत घोकलेला आहे. यात पोकळ पेटीची गरजच कुठे आहे? १९४३ मध्ये लिओने पिकअप तपासण्यासाठी एक ओबडधोबड भरीव लाकडी गिटार बनवली. ती होती फक्त टेस्टिंगसाठी, पण गावातले वादक तीच भाड्याने मागायला लागले!

भरीव गिटारचा विचार करणारा लिओ पहिला नव्हता. लेस पॉल, पॉल बिग्सबी अशा इतरांनीही त्या दिशेने काम केलं होतं. शिवाय हे तत्त्व आपल्याकडेही गल्लोगल्ली वाजतं. गणपतीच्या मिरवणुकीत टेम्पोवर जो बँजो असतो तोही तारा, लाकूड आणि पिकअप यांचाच खेळ. पण कारखान्यात हजारोंनी बनवता येईल, स्वस्त पडेल आणि कुणालाही दुरुस्त करता येईल अशी भरीव गिटार यशस्वी करून दाखवली ती लिओने.

१९४५ मध्ये डॉक कॉफमन या मित्राबरोबर त्याने के अँड एफ नावाची कंपनी काढली. वर्षभरात कॉफमन बाहेर पडला आणि १९४६ मध्ये फेंडर कंपनी सुरू झाली. १९४८ मध्ये जॉर्ज फुलर्टन हा जोडीदार मिळाला. १९५० मध्ये एस्क्वायर आणि ब्रॉडकास्टर या गिटार बाजारात आल्या. ब्रॉडकास्टर हे नाव ग्रेच कंपनीच्या ड्रमच्या नावाशी जुळत होतं, म्हणून १९५१ मध्ये ते बदलून टेलिकास्टर केलं. त्याच वर्षी प्रिसिजन बेस आली.

जुने कारागीर गिटारची मान, म्हणजे नेक, बॉडीला सरसाने कायमची चिकटवायचे. लिओने बॉडीत एक खाच पाडली, त्यात मान बसवली आणि मागून एक पत्रा लावून चार स्क्रू पिळले. झालं काम! मान खराब झाली तर चार स्क्रू काढा, दुसरी बसवा. बॉडी म्हणजे आकार दिलेली फळी, अॅश किंवा आल्डर या झाडांच्या लाकडाची. बऱ्याचदा दोन-तीन तुकडे जोडून केलेली. परंपरेतल्या लोकांनी नाकं मुरडली. ही गिटार आहे की वल्हं, अशी थट्टा झाली. पण वादकांना ती आवडली, कारण ती रोज रात्री कार्यक्रमात मार खाऊनही सकाळी सुरात असायची.

इथे आपल्याकडच्या मिरजेची आठवण येते. मिरजेत दीडशेहून अधिक वर्षं सतार आणि तानपुरे तयार होतात, आणि २०२४ मध्ये त्यांना जीआय मानांकनही मिळालं. तिथे भोपळा हाच आवाजाचा प्राण. भोपळ्याला तडा गेला तर वाद्याचा आवाजच जातो, म्हणून तिथला कारागीर तड्याकडे डॉक्टरच्या नजरेने बघतो. लिओच्या गिटारमध्ये बॉडीचं मुख्य काम वेगळं आहे. तारांचा ताण न हलता धरून ठेवणं. सहा तारा सुरात लावल्या की मिळून साधारण चाळीस किलोचा ताण पडतो. मानेचं टोक आणि ब्रिज यांना तो सतत एकमेकांकडे ओढत असतो. तेव्हा फेंडरच्या धाटणीच्या गिटारवरची चीर बघताना पहिला प्रश्न हाच विचारायचा, की ही चीर ताणाच्या वाटेवर आहे का?

१९५४ मध्ये लिओने स्ट्रॅटोकास्टर आणली. वादकांच्या तक्रारी ऐकून तो बदल करत गेला. फळीची कड बरगडीत टोचते म्हटल्यावर पाठीमागून लाकूड तासलं. तारा क्षणभर सैल करून सूर लहरवता यावा म्हणून हलणारा ब्रिज दिला. तो सहा स्क्रूंवर पुढे बसवलेला आणि मागून स्प्रिंगांनी ओढलेला. आज जे तीन पिकअपचं, दोन शिंगांचं रूप आपण इलेक्ट्रिक गिटार म्हणून डोळ्यासमोर आणतो ते हेच. १९६९ मध्ये वुडस्टॉकला जिमी हेंड्रिक्सच्या हातात हीच गिटार होती. तो डावखुरा, त्यामुळे उजव्या हाताची गिटार उलटी धरलेली.

रंगाच्या बाबतीतही लिओचा व्यवहार सरळ होता. मोटारींना मारतात तोच नायट्रोसेल्युलोज लॅकर त्याने गिटारला मारला. तो पातळ बसतो, लवकर वाळतो. पण वर्षानुवर्षं तो आकसत राहतो आणि ठिसूळ होतो. लाकूड हवेतल्या ओलाव्याने फुगतं आणि आटतं, रंगाला तेवढं ताणता येत नाही. गार हवेतून एकदम उष्णतेत किंवा उष्णतेतून गारव्यात गिटार नेली, की रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा उमटतात. खाली लाकूड ठणठणीत असतं. जुन्या अस्सल फेंडरवर असं जाळं दिसलं तर लोक उलट खूष होतात.

मग आला १९६५ चा जानेवारी. लिओला बरीच वर्षं एका संसर्गाचा त्रास होता, आपण आता फार दिवस काढत नाही असं त्याला वाटू लागलं होतं. त्याने कंपनी सीबीएस या बड्या रेडिओ-टीव्ही कंपनीला १ कोटी ३० लाख डॉलरला विकून टाकली. गंमत बघा, त्यानंतर दुसऱ्या डॉक्टरच्या उपचारांनी तो खडखडीत बरा झाला! पण कंपनी गेली ती गेलीच. काही वर्षं तो सल्लागार म्हणून राहिला.

सीबीएसच्या काळात उत्पादन वाढलं आणि दर्जाच्या तक्रारीही वाढल्या. रंग पातळ लॅकरचा राहिला नाही, पॉलिस्टरचा जाड थर आला. १९७१ च्या सुमारास स्ट्रॅटोकास्टरच्या मानेचे चार स्क्रू तीन झाले. तीन स्क्रूंची कल्पना मुळात वाईट नव्हती, पण खाच सैल कापली गेली तर मान बाजूला सरकायची. १९८५ मध्ये सीबीएसने ही कंपनी तिथल्याच माणसांच्या एका गटाला १ कोटी २५ लाख डॉलरला विकली. कारखान्याची इमारत त्या सौद्यात नव्हती हे खरं, तरी वीस वर्षांनी विकताना खरेदीइतकीही किंमत आली नाही, यावर मॅनेजमेंटच्या पेपरात एक प्रश्न सहज निघेल.

आता आपल्या होस्टेलच्या गिटारकडे येऊ. आज बाजारातल्या बहुतेक स्वस्त गिटारवर असाच जाड, कडक पॉलिएस्टर किंवा तत्सम थर असतो. त्यामुळे चिरा कुठे पडतात तेही ठरलेलं आहे.

सगळ्यात जास्त दिसणारी चीर मानेच्या खाचेच्या कोपऱ्यात असते. तिथे, विशेषतः बारीक तारांच्या बाजूला, लाकडाची भिंत पातळ असते आणि वर कडक रंग. स्क्रू जोरात पिळले किंवा मानेला धक्का बसला की रंग फुटतो. अशा ठिकाणी नख आडवं फिरवून बघा. मोबाइलचा टॉर्च तिरपा धरा. चीर केसासारखी असेल, दोन्ही कडा एका पातळीत असतील आणि रेषा वाकडीतिकडी जात असेल, तर बहुतेक ती रंगाचीच. लाकूड फुटतं ते आपल्या रेषांच्या बाजूने, सरळ. आमच्या शहागडला बैलगाडीचं लाकूड निवडताना सुतार हेच बघायचे, तडा रेषेबरोबर चाललाय का आणि दुसऱ्या बाजूने निघालाय का. गिटारलाही तोच नियम. पुढून दिसणारी चीर कडेवरून मागे गेलेली असेल तर सावध व्हा.

शंका असेल तर विकणाऱ्याच्या परवानगीने तारा सैल करा, मागचे चार स्क्रू काढा आणि मान बाजूला करा. खाचेच्या आत बऱ्याचदा कोरं लाकूड दिसतं. तडा खाचेच्या तळातून स्क्रूच्या भोकापर्यंत गेला असेल तर ते लाकूड फुटलेलं आहे. तळ कोरा आणि अखंड असेल तर मान पुन्हा बसवा, निर्धास्त राहा. लिओने चार स्क्रू ठेवले म्हणून ही तपासणी दहा मिनिटांत होते. चिकटवलेल्या मानेच्या गिटारमध्ये ही सोय नाही.

दुसरी जागा ब्रिजची. इथे ढिलाई करू नका, कारण सगळा ताण इथे येतो. ब्रिजच्या स्क्रूंपासून किंवा दोन खांबांचा ब्रिज असेल तर त्या खांबांपासून निघणारी चीर वाईट. खांब तारांच्या दिशेने झुकलेला दिसला तर समजा, लाकूड दबलंय किंवा फुटलंय. अशी गिटार सुरात राहत नाही आणि दुरुस्ती जिकिरीची असते.

तिसरी, फळ्यांच्या जोडावरची सरळ लांब रेषा. नुसता रंग बसून जोड दिसत असेल तर हरकत नाही. पण दोन्ही हातांनी बॉडी हलकी दाबली आणि ती रेषा उघडमीट झाली, तर सरस सुटलाय. चौथी, पट्टा अडकवायच्या बटणाभोवतीची आणि वायर खोचायच्या जॅकभोवतीची. या बहुधा गिटार पडल्याच्या खुणा. ताणाच्या वाटेवर नसल्याने बऱ्याचदा चालवून घेता येतात, पण त्या दिसल्या की मान आणि ब्रिज दुप्पट बारकाईने बघा. कुठे रंगाची चमक वेगळी दिसली, कडेला वाळलेल्या चिकटपट्टीसारखा थेंब दिसला, तर आधीच कुणीतरी डिंकपट्टी करून ठेवली आहे.

आणि शेवटची टेस्ट, जिला काही खर्च नाही. सगळ्या तारा सुरात लावा, चहा पिऊन या. अर्ध्या तासाने पुन्हा वाजवा. मग मान हळूच डावीउजवीकडे रेटा. नव्या तारा थोड्या उतरतात ते सोडा, पण मान रेटताना चीर रुंदावत असेल किंवा दर वेळी सूर सरकत असेल, तर विकणारा कितीही जवळचा सीनियर असो, हात जोडून नको म्हणा. रंगाची चीर असेल तर ती दाखवून भाव पाडा आणि आनंदाने घ्या. बॉडीच फुटली असेल आणि पिकअप, मान चांगली असेल, तर सुट्या भागांच्या भावात मागा. याच मापाची दुसरी बॉडी मिळाली की मान तिला लावता येते.

लिओचं पुढे काय झालं? सत्तरच्या दशकात तो जुन्या सहकाऱ्यांबरोबर म्युझिक मॅन कंपनीत आला. १९७६ ची स्टिंगरे बेस तिथलीच. १९७९ मध्ये एस्थर गेली. त्याच सुमारास, वयाच्या सत्तरीत, त्याने जॉर्ज फुलर्टनबरोबर जी अँड एल ही नवी कंपनी सुरू केली. नावाचा अर्थ जॉर्ज आणि लिओ. पैशाची ददात नव्हती. तरी तो रोज वर्कशॉपमध्ये जायचा, पिकअप आणि ब्रिज सुधारत बसायचा. पार्किन्सनने हात थरथरायला लागले तरी बाकावरची जागा त्याने सोडली नाही. २१ मार्च १९९१ रोजी तो गेला. पुढच्या वर्षी रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव घेतलं गेलं, तेही गिटार न वाजवणाऱ्या माणसाचं!

मित्रांनो, आपण प्रोजेक्ट करतो तेव्हा ते व्हायव्यापुरतं चाललं तरी बास वाटतं. लिओने मात्र वस्तू कधीतरी बिघडणार हे धरूनच तिची रचना केली, आणि बिघडली तर दुसऱ्या कुणालातरी स्क्रू ड्रायव्हर घेऊन ती उघडता येईल याची सोय ठेवली. म्हणून सत्तर वर्षांपूर्वीची त्याची गिटार आजही वाजते, आणि त्या धाटणीची चीर पडलेली, चार हात बदललेली गिटार आपल्या होस्टेलच्या खोलीतही वाजू शकते. फक्त घेताना टॉर्च आणि नख घेऊन जा. आणि पुढच्या गॅदरिंगला स्टेजवर भेटा!